घरी ॲकॉस्टिक गिटार बनवायचंय? मग आधी पाऊस संपू द्या

माझी पहिली गिटार मी भर जुलैत चिकटवली. बाहेर धो धो पाऊस, ऑफिसला दांडी, चहा, गाणी, मस्त मूड होता एकदम. गिटार झालीपण छान, गणपतीत वाजवली, सगळ्यांनी वा वा केलं. आणि पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी भिंतीवर टांगलेली गिटार आपली आपण ‘टक्’ करून वाजली, जाऊन बघतो तर पुढच्या फळीला ब्रिजपासून (म्हणजे जिथे तारांची खालची टोकं अडकतात ती पट्टी) खालपर्यंत सरळ चीर. कोणी हात लावला नव्हता.

मी राहतो सांगलीत, म्हणजे मिरज दहा-बारा किलोमीटरवर. तीच गिटार घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो, तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी हातात घेतली, चीर बघितली आणि विचारलं, "पावसात जोडलीस काय?" मी हो म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं की. आता वाळलं. तू बांधून ठेवलंस, मग ते फाटणारच की रे." (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तुम्ही वाचलं असेल.)

तर या लेखात सगळ्या स्टेप्स सांगणारच आहे, पण क्रम कॅलेंडरप्रमाणे लावलाय. कारण आपल्याकडे गिटार बनवताना सगळ्यात मोठा शत्रू हवेतली ओल आहे, आणि परदेशातले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, त्यांच्याकडे वर्कशॉपमध्ये वर्षभर एकसारखी हवा ठेवलेली असते.

थोडक्यात काय होतं ते समजून घ्या. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. गिटारची पुढची फळी खाली साधारण ३८ सेमी रुंद असते, ती मोकळी असेल तर पावसाळा ते उन्हाळा एवढ्यात सहज तीन-चार मिलिमीटर हलते. आपण तिला आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवून जखडतो. ओली असताना जखडली तर उन्हाळ्यात आकसायला जागा नाही, मग चीर. कोरडी असताना जखडली तर पावसाळ्यात फुगून जराशी वर येते, बास, फुटत नाही. म्हणून एक आर्द्रता मीटर घ्या, छोटा डिजिटल, चारपाचशेच्या आत येतो, आणि नियम एकच, मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असेल तरच पट्ट्या चिकटवायच्या आणि बॉडी बंद करायची. बाकी कामं कधीही करा.

पावसाळ्यात काय करायचं

पहिलं, प्लॅन. एकास एक मापाचा छापील प्लॅन घ्या किंवा पीडीएफ आणून फ्लेक्सवाल्याकडून मोठी प्रिंट काढा, आणि प्रिंट आल्यावर स्केल लावून मोजा, कारण प्रिंटर पान बसवायला एक-दोन टक्के आकार कमी करतात आणि ते तुम्हाला नेक, म्हणजे गिटारची मान, बसवताना कळतं. पहिल्या गिटारला ओएम नावाचा आकार घ्या असं माझं मत. ड्रेडनॉट हा दुसरा आकार मोठा असतो, आवाज दणदणीत, पण ओएमची कंबर छान वळलेली असते, मांडीवर बरी बसते. स्केल, म्हणजे नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज तारेची वाजणारी लांबी, ६४५ मिमी. नेक बोल्टने जोडायचा. डव्हटेलच्या, म्हणजे पाचरीसारख्या खाचेत अडकवायच्या, सांध्याचं पारंपरिक कौतुक खूप आहे, पण बोल्टचा नेक चुकला तर काढून परत घासता येतो, आणि पहिल्यांदा तो चुकतोच.

दुसरं, साचा. १८ मिमी प्लायचे चार-पाच थर एकमेकांवर चिकटवून त्यात अर्ध्या गिटारचा आकार कापायचा, असे दोन अर्धे करून बोल्टने जोडायचे. आत बाजूच्या फळ्या बसतील आणि हलणार नाहीत. सुताराकडून जिगसॉने कापून घेतलं तरी चालेल, पण आतली कड काटकोनात हवी, गुण्या लावून बघा, इथे आळस केला तर पूर्ण गिटार तिरकी होते.

तिसरं, धार. खरंच सांगतो, गिटार बनवणं म्हणजे निम्मं काम पटाशी आणि रंध्याला धार लावणं आहे. पावसाळ्याचे दोन महिने त्यात घालवा. मनगटावरचे केस निघाले पाहिजेत, इतकी धार. हत्यारं फार लागत नाहीत: एक चांगला लोखंडी रंधा, एक छोटा एका हातात मावणारा रंधा, दोन-तीन पटाशा, बारीक दातांची करवत, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पडद्यांच्या) खाचांसाठी वेगळी पातळ करवत (०.६ मिमीच्या आसपास खाच पाडणारी, ही ऑनलाइनच मिळते), कानशी, डिजिटल व्हर्नियर, स्टीलचा स्क्रेपर आणि क्लॅम्प. क्लॅम्प कितीही घ्या कमीच पडतात, त्यामुळे स्वस्त उपाय पुढे सांगतो.

लाकूड

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो. १८६२ मध्ये स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेसने पुढची फळी स्प्रूसची (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) आणि मागची-बाजूची चक्क कागदाच्या लगद्याची अशी गिटार बनवली होती, नेमकं हेच दाखवायला. आज आपण ज्याला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार आणि आतल्या पट्ट्यांची पंख्यासारखी रचना त्याच माणसामुळे रूढ झाली. तेव्हा पुढच्या फळीला स्प्रूसचा चांगला सेट ऑनलाइन मागवा, एकाच ओंडक्याच्या जोडीच्या दोन पातळ फळ्या येतात. टोकाकडून बघितलं की रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या किंवा तिरक्या नकोत.

मागची फळी, बाजू आणि नेक यांना मात्र परदेशाकडे बघायची गरज नाही. जगभरच्या महागड्या गिटारींना जो ‘इंडियन रोझवूड’ लावतात तो म्हणजे आपला शिसव, पश्चिम घाटातलाच. फक्त वखारीत गेल्यावर शिसव आणि शिसम यात गल्लत करू नका, शिसम उत्तरेकडचं वेगळं झाड, फर्निचरला भरपूर वापरतात, गिटारलाही चालतं पण वाकवताना जास्त त्रास देतं. शिसव घेताना पावती घ्या. शेताच्या बांधावरचं झाड असलं तरी साग आणि शिसव तोडायला परवानगी लागते, त्यामुळे ‘गावाकडून आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

माझी आवड विचाराल तर जुनं सागवान. वाडे पाडतात तेव्हा दरवाजे, तुळया निघतात, ते लाकूड पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं, नव्या लाकडाइतकं हलत नाही. एक तोटा आहे, सागात तेल असतं, चिकटवण्याआधी एसिटोनने पुसून घ्या आणि लगेच ग्लू लावा, नाहीतर सांधा धरत नाही. आणि त्यात बारीक वाळूसारखा अंश असतो त्यामुळे हत्यारांची धार पटकन जाते. (जुन्या तुळईत खिळे असतात. लोहचुंबक फिरवून बघा. मी नव्हतं बघितलं, एका करवतीचे दात गेले.)

नेकला तून घ्या. सतारीला वापरतात तेच लाकूड, महोगनीच्याच कुळातलं, हलकं, कापायला सोपं. फ्रेटबोर्ड (नेकवरची पट्टी, जिच्यात फ्रेट बसतात) आणि ब्रिजला शिसवी.

लाकूड आणलं की घरात उघड्यावर पट्ट्या लावून रचून ठेवा, खालीवर हवा खेळली पाहिजे, आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावू नका. आमच्याकडे तर वरच्या मजल्यावर ठेवतात, कृष्णाकाठी राहणाऱ्याला कारण सांगायला नको.

दसऱ्यानंतर: बाजू वाकवणं

बाजूच्या फळ्या २ ते २.२ मिमी जाडीच्या करायच्या. वखारीतल्या मशीनवर साधारण ५-६ मिमीपर्यंत येतं, पुढे हाताने रंधा. कंटाळवाणं काम आहे, मोबाइलवर कीर्तन लावा, क्रिकेट लावा, काहीही लावा, पण व्हर्नियरने दर दोन बोटांवर मोजत राहा.

वाकवायला गरम पाइप लागतो. मी दीड-दोन इंची लोखंडी पाइपचा तुकडा आडवा शिकंज्यात धरतो आणि आतून हीट गन मारतो. पाइपवर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, मग तयार. फळी अर्धा तास पाण्यात भिजवा, फार नको. नवीन माणूस समजतो की पाण्याने लाकूड वाकतं. वाकतं ते उष्णतेने, पाण्याचं काम फक्त जळू न देणं आणि वाफ आत नेणं. फळी पाइपवर ठेवायची, मागून पातळ पत्र्याची पट्टी धरायची, हलका दाब द्यायचा आणि वाट बघायची. एका क्षणी लाकूड हाताखाली सैल पडतं, अगदी चामड्यासारखं, तो क्षण बोटांना कळतो, लिहून सांगता येत नाही. त्याच्या आधी जोर लावला की कड्‌कन मोडतं.

सुरुवात कमरेपासून करा, कारण तिथला वळसा सगळ्यात कडक. आणि आधी चार-पाच टाकाऊ पट्ट्यांवर हात बसवा. खऱ्या फळ्या दोनच असतात.

वाकलेल्या बाजू साच्यात बसवून दोन दिवस ठेवा, मग वर नेकचा ठोकळा आणि खाली शेपटीचा ठोकळा चिकटवा. त्यानंतर कडेने आतून लायनिंग, म्हणजे खाचा पाडलेली लवचिक पट्टी, जिच्यावर पुढची-मागची फळी टेकते. इथे क्लॅम्पचा प्रश्न येतो. उत्तर आहे कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येकाला रबरबँडचे दोन-तीन वेढे मारले की चांगला दाब येतो. साठ-सत्तर लागतील, घरात आधी सांगून घ्या.

पुढची फळी

हा भाग सावकाश वाचा, कारण गिटारचा आवाज इथेच ठरतो.

दोन अर्ध्या फळ्या पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी ठेवायच्या, म्हणजे रेषा आरशासारख्या जुळतात. मधल्या कडा रंध्याने अशा सरळ करायच्या की जोडून खिडकीसमोर धरल्या तर प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. दिसली तर परत रंधा. ग्लू लावून, सपाट पाटावर, दोन्ही बाजूंना खिळे मारून पाचरी ठोकून घट्ट करायच्या. ग्लू म्हणजे पिवळा लाकडाचा ग्लू, टाइटबाँड ओरिजिनल जातीचा. साधा पांढरा ग्लू इथे नको, तो सुकला तरी मऊ राहतो आणि गरम झाला की ताणाखाली हळूहळू सरकतो. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली आणि ब्रिज उचकटला, या प्रकाराच्या मागे बऱ्याचदा हेच असतं. जुने कारागीर सरस वापरायचे, प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा, आजही तो उत्तमच आहे पण पहिल्या गिटारला तो व्याप नको.

जाडी २.८ ते ३ मिमी. इथे आकड्यापेक्षा हात बघा, फळी दोन्ही हातांत धरून आडवी वाकवा, ताठ पुठ्ठ्यासारखी वाटेपर्यंत रंधा मारायचा आणि थोडी आधीच थांबायचं. कमी केलेलं परत लावता येत नाही. मध्ये आवाजाचं गोल भोक, साधारण १०० मिमी व्यासाचं, आणि त्याच्याभोवती नक्षीची रोझेट. पहिल्या गिटारला शिसवीचं एकच साधं वर्तुळ बसवा. मी पहिल्यांदाच शिंपल्याचे तुकडे बसवायला गेलो, तीन रविवार गेले, आणि ते अजून वाकडेच दिसतात.

आता आतल्या पट्ट्या. स्टीलच्या तारा सगळ्या मिळून साधारण ७०-७५ किलोचा ताण देतात, म्हणजे एक मोठा माणूस कायम ब्रिजला लटकलेला समजा, आणि तो ताण ३ मिमीच्या फळीने पेलायचा. म्हणून एक्स आकारात दोन मुख्य पट्ट्या. ही रचना अमेरिकेत मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकात वापरायला घेतली आणि स्टीलच्या गिटारींमध्ये आजही तीच चालते. पट्ट्या स्प्रूसच्याच, ८ मिमी रुंद, क्रॉसपाशी १५-१६ मिमी उंच, तिथे अर्धा-अर्धा खाच सांधा. ब्रिजच्या खाली आतून शिसवीची पातळ प्लेट, तारांच्या टोकाच्या गोळ्या तिच्यावर अडकतात.

आता मीटर बघा. ४५ दाखवतोय? चिकटवा. ६० दाखवतोय? थांबा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना नोव्हेंबरातपण ६०-७० दिसेल, त्यांनी एसी लावलेल्या खोलीत काम करा, किंवा प्लायची एक पेटी करून आत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, हवा गरम झाली की आतली आर्द्रता उतरते. फळी आणि पट्ट्या दोन-तीन दिवस त्यात मुरू द्या, बल्बपासून वीतभर तरी लांब, आणि पेटी चालू ठेवून गावाला जाऊ नका.

चिकटवताना पट्ट्यांवर दाब द्यायला मस्त देशी उपाय, बांबूच्या कामट्या. आकाशकंदिलाला घेतो तशा पण जाड, बोटभर रुंद. टेबलाच्या वर दोन-अडीच फुटांवर एक मजबूत फळी बसवायची, खाली गिटारची फळी, आणि कामट्या दोन्हीच्या मध्ये वाकवून अडकवायच्या. परदेशात यासाठी फायबरच्या काड्या विकत घेतात. कामट्या बुरुडाकडून घेतल्या तर शंभर रुपयांत काम होतं. डोळ्याला चष्मा लावा, एखादी निसटली तर तोंडावर येते.

सुकल्यावर पट्ट्या पटाशीने टोकांकडे उतरत्या करायच्या. फळीवर अंगठ्याने टकटक करून आवाज ऐकत लाकूड काढतात त्याबद्दल खूप गूढ बोललं जातं. मी सात गिटारी केल्या, मला इतकंच कळलंय की सुरुवातीला आवाज बद्द येतो, लाकूड काढत गेलं की मोकळा आणि लांब होतो, आणि तो मोकळा झाला की थांबायचं. नेमका कोणता सूर लागला पाहिजे वगैरेच्या मागे लागू नका.

बॉडी बंद करणं

मागची फळी अडीच मिमी, तीन-चार आडव्या पट्ट्या, किंचित फुगीर. हे सोपं आहे. फळ्या चिकटवताना दाबासाठी सायकलची जुनी ट्यूब, पंक्चरवाला फुकट देतो, ती लांब एकसंध पट्टीत कापायची आणि साचा-बॉडी सगळ्याला पार्सलसारखी गुंडाळायची, दाब सगळीकडे सारखा येतो. बंद करण्याआधी आत पेन्सिलने तारीख लिहा आणि मीटरचा आकडापण. सहा वर्षांनी दुरुस्ती करताना तोच आकडा उपयोगी पडतो.

कडेला बाइंडिंगची पट्टी बसवायची असते, दिसायला छान आणि फळीच्या उघड्या टोकातून ओल आत जात नाही. राउटर (खाच कोरायचं मशीन) असेल तर सोपं. नसेल तर खतावणीने (कडेला समांतर रेघ ओढायचं सुतारी हत्यार) रेघ मारून पटाशीने खाच करा, दोन संध्याकाळी जातात.

नेक आणि पडदे

नेकचं डोकं साधारण १४-१५ अंश मागे झुकलेलं असतं, ते अखंड लाकडातून कापलं तर रेषा आडव्या येऊन तिथे मोडतं, म्हणून तिरका काप घेऊन तुकडा उलटवून जोडतात. मध्ये खाच करून ट्रसरॉड, म्हणजे ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणारी सळई, दोन्हीकडे फिरणारी घ्या. मागचा गोलवा स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) किंवा कानशीने, रोज हातात धरून बघत. तुम्हाला आवडणाऱ्या गिटारच्या नेकची मापं घ्या आणि तीच उतरवा.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, ठोकलेले, चुकले की चुकले. हिशोब सोपा आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, जे येईल तिथे पुढचा पडदा. ६४५ ला भागलं की ३६.२० मिमी, हा पहिला. उरले ६०८.८०, त्याला भागा, ३४.१७, म्हणजे नटपासून दुसरा ७०.३७ वर. असं करत बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२२.५ वर यायला हवा, आला नाही तर कुठेतरी गडबड आहे. आणि मापं कायम नटपासून घ्या, एका पडद्यापासून पुढच्याचं घेत गेलात तर बारीक चुका साठत जातात.

पडदे ठोकल्यावर सगळ्यांच्या डोक्यावर मार्करने शाई लावा, एका सरळ पट्टीला ४०० नंबरचा पेपर चिकटवून हलके हात मारा, सगळीकडची शाई गेली की पातळी एक झाली. मग गोल कानशीने प्रत्येकाचा माथा परत गोल करा.

नेक बसवताना लांब सरळपट्टी पडद्यांवर ठेवा, तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं किंवा केसभर वर राहिलं पाहिजे. खाली गेलं तर तारा पुढे कायम उंच राहतील. इथेच तो बोल्ट आठवा आणि नेक काढून टाच, म्हणजे नेकचं बॉडीला टेकणारं टोक, घासा. मी तिसऱ्या गिटारला अकरा वेळा काढला होता.

थंडी संपता संपता: पॉलिश

सगळ्यांना विचारायचं असतं की लॅकर मारू का पीयू मारू. फवारणीचं यंत्र, बंद खोली, वास, मास्क, हे सगळं घरात करू नका. चपडा वापरा. लाखेचा तो पापुद्र्यासारखा माल, आपल्याच देशात पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून होतो, जगभरचे गिटारवाले आपल्याकडून घेऊन वापरतात, आणि थर इतका पातळ बसतो की आवाज दबत नाही.

आधी घासणं. १२०, १८०, २२०, ३२०, क्रमाने, एकही नंबर न गाळता, रेषेच्या दिशेने. स्प्रूसवर जपून, तिथे १२० ने जोर लावला तर मेहनतीने मोजलेली जाडी गेली. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा, आडवे ओरखडे दिसतील ते आत्ताच काढा, पॉलिशनंतर दुप्पट दिसतात. शिसवीच्या धुळीने बऱ्याच जणांना ॲलर्जी होते, मास्क लावाच.

अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रोज हलवत दोन दिवस. खाली मेण बसतं, वरचं स्वच्छ अलगद दुसऱ्या बाटलीत काढा, बाटलीवर तारीख. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण फेकून द्या, ते नीट सुकतच नाही, चिकट राहतं. खिडक्या उघड्या ठेवा, त्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, आणि जवळ गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती काही नको.

मग बोळा. आत कापूस, बाहेर जुन्या धुवट धोतराचं किंवा मलमलीचं कापड, सुरकुती न येता गुंडाळलेलं. द्रावण निम्मं पातळ करून आत ओतायचं, तळहातावर दाबून बघायचं, ओलसर वाटलं पाहिजे, थेंब पडता कामा नये. पहिले दोन-तीन हात सरळ. शिसवी आणि सागाची छिद्रं मोठी असतात, ती प्युमिसची (सच्छिद्र दगडाची) बारीक पूड बोळ्याबरोबर घासत भरायची, स्प्रूसला हे लागत नाही. पुढे गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात, आणि बोळा अडकायला लागला की त्यावर ऑलिव्ह तेलाचा एकच थेंब. बोळा फळीवर असताना कधीही थांबवायचा नाही, विमान उतरतं तसा सरकत यायचा आणि सरकतच उडायचा. थांबला की कापडाचा ठसा उमटलाच. एका बसणीत अर्धा तास, मग उद्या. असे आठ-दहा दिवस.

आणि हे पावसात केलं तर? स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि आत पांढुरके ढग अडकतात. तसं झालं तर घाबरू नका, कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा अगदी हलका हात मारला की बऱ्याचदा जातात. शेवटच्या हातानंतर तीन आठवडे गिटार टांगून ठेवा. बोटाने दाबून बघायचा मोह होईल, बघू नका.

ब्रिज आणि तारा

ब्रिजच्या जागेवरचं पॉलिश खरवडून कोरं लाकूड काढा, पॉलिशवर ग्लू धरत नाही. जागा मोजताना लक्षात ठेवा, तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) ६४५ वर नसतं, पातळ ई तारेला दोन-अडीच मिमी मागे आणि जाड ईला साडेचार-पाच मिमी मागे, त्यामुळे ते तिरकं दिसतं. ग्लू लावून भोकातून आत क्लॅम्प, पूर्ण एक दिवस.

नट आणि सॅडल हाडाचे. तारा पहिल्या दिवशी अर्ध्याच ताणा, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात. मग बाराव्या पडद्यापाशी उंची मोजा, पातळ तारेखाली १.८ आणि जाड तारेखाली २.४ मिमीच्या आसपास आणा, सॅडल खालून घासून, वरून नाही. कुठे झिणझिण येत असेल तर तो पडदा शोधा. सतारीत जवारीसाठी मुद्दाम झिणझिण आणतात, गिटारमध्ये ती नको असते.

पहिले दोन आठवडे आवाज जरा बंद वाटेल, वाजवत राहा. आणि जून आला की पुढची फळी फुगून तारा अर्धा-पाऊण मिलिमीटर वर येतील, तेव्हा ट्रसरॉड पिळत बसू नका. मी हाडाची दोन सॅडल करून ठेवतो, एक उंच, एक थोडं बुटकं, मागे पेन्सिलने ‘उन्हाळा’ आणि ‘पाऊस’ लिहिलेलं, आणि मृगाच्या आसपास तारा बदलताना तेही बदलतो.